तांबड्या गंजाखालची निळाई

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा. तुम्हाला एका लोखंडी कपाटात उभे करून ठेवले आहे. अंगाभोवती जाडजूड कापड गुंडाळले आहे. बाहेरचे बोलणे ऐकू येते, पण दिसत काहीच नाही. आणि नेमकी तुमच्या पाठीला खाज सुटली आहे. हात नाहीत, म्हणून खाजवता येत नाही. तोंड नाही, म्हणून कुणाला सांगता येत नाही. दिवाळी येते, होळी जाते, उन्हाळा सरतो, तरी खाज आपली चालूच आहे. केलीत कल्पना? मग आता डोळे उघडा, म्हणजे मी कोण ते सांगते.

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला एका वस्तीवर मी राहते. बंदूक म्हटल्यावर तुमच्यापैकी काही जण पुढे सरकून बसले असतील आणि काहींच्या आया काळजीत पडल्या असतील. दोघांनीही स्वस्थ बसावे. माझ्या गोष्टीत बार फारसे उडत नाहीत. ही गोष्ट गंजाची आहे.

कारखान्यात माझ्या नळ्या घडल्या, घासून गुळगुळीत झाल्या, तेव्हा मी नव्या चमच्यासारखी पांढरी होते. मग मला क्षारांच्या उकळत्या टाकीत बुडवले. बाहेर आले ती अंगावर निळाकाळा रंग घेऊनच. कारागीर त्याला ब्लूइंग म्हणत. खरे तर तो रंग नव्हे. रंग वरून फासतात आणि खरवडला की त्याचा पोपडा निघतो. माझी निळाई माझ्याच पोलादातून उमटलेली आहे, आणि गंमत अशी की ती गंजाच्याच घराण्यातली आहे.

या घराण्यात दोन भाऊ आहेत असे समजा. धाकटा तांबडा. जरा ओल दिसली की न बोलावता येतो, फुगून बसतो आणि बसल्या जागी लोखंड खात सुटतो. थोरला काळा. तो शांत. अंगाला घट्ट धरून बसतो, कुणाला खात नाही, आणि तेलाचा हात फिरवला तर ते तेल धरून ठेवतो. धाकट्याने येऊ नये म्हणून थोरल्याला मुद्दाम आणून बसवायचे, एवढीच त्या टाकीची युक्ती. हे दोन भाऊ लक्षात ठेवा. पुढची सगळी फजिती त्यांच्यामुळे झाली.

लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन घरी परतले आणि पिकाच्या राखणीसाठी परवाना काढून त्यांनी मला आणले. त्यांच्या पत्नी बनुबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून त्या म्हणाल्या, "आता सवत आणली म्हनायची. बरं झालं, हिला भाकरी लागत न्हाई."

पुढची कित्येक वर्षे मी शाळूच्या रानात जागले. रानडुकरांचा कळप आला की लालासाहेब माझे तोंड आभाळाकडे करून बार काढत आणि डुकरे वाट फुटेल तिकडे पळत. मेंढरांच्या वाड्याभोवती लांडगा घुटमळला तरी तेच. मी कुणाचा जीव घेतल्याचे मला आठवत नाही, आणि याचा मला अभिमान वाटतो. सकाळी वस्तीवरची माणसे म्हणत, "रातच्याला सुभेदारांची बंदूक वाजली, म्हून झोप लागली."

बार काढून घरी आल्यावर लालासाहेब कितीही दमलेले असोत, आधी मला पुसत. मला मधल्या बिजागरीपाशी मोडून नळ्या उजेडाला धरून पाहत. मग फौजेतल्यासारखी कापडाची चिंदी काठीला लावून आतून फिरवत, बाहेरून तेलाचा हात देत. बनुबाई ताट वाढून बसलेल्या असत. "आवं, कालवण निवलं," त्या म्हणत. लालासाहेबांचे उत्तर ठरलेले. "आदी हत्याराचं प्वाट, मग आपलं."

खंडेनवमीला मला पाटावर निजवून माझी पूजा होई. हळदकुंकू, पाण्याचा शिंतोडा, झेंडूची फुले, सगळे साग्रसंगीत. पण पूजा आटोपली की लालासाहेब चिंदी घेऊन बसत आणि माझे अंग कोरडे करून टाकत. बनुबाईंना ते मुळीच पटत नसे.

"देवाचं कुंकू आसं लगीच पुसत्यात व्हय?"

"देवाला चालतं," लालासाहेब म्हणत. "लोखंडाला चालत न्हाई."

मित्रांनो, दिवस सारखे राहत नाहीत. मेंढरे विकली गेली. काडतुसे संपली, ती पुन्हा कुणी आणली नाहीत. लालासाहेबांचा मुलगा उदयसिंह याने म्हसवडच्या स्टँडजवळ पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान टाकले. आणि लालासाहेबांच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. सांगलीच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितले, की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपा. पण तीही हळूहळू विझत गेली. त्यांचे हातही आता कापू लागले होते.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला माझी पूजा शिवांजलीने मांडली. शिवांजली म्हणजे उदयसिंहाची मुलगी, पाचवीत शिकणारी, घरातली लाडकी शिवी. तिने काही म्हणजे काही कमी ठेवले नाही. ओल्या फडक्याने मला पुसले, हळदकुंकवाची बोटे ओढली, धुतलेल्या झेंडूची पाणी निथळणारी माळ अंगावर घातली. दसऱ्याचे सोने लुटेपर्यंत पूजा हलवायची नाही असे बनुबाईंनी बजावले, म्हणून रात्रभर मी तशीच राहिले. दुसऱ्या दिवशी बनुबाईंनी फुले काढली आणि मला थंडी वाजू नये अशा मायेने घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळले. "पुसली का?" लालासाहेबांनी विचारले. "झालं समदं," बनुबाई म्हणाल्या. त्यांच्या मते फुले काढली म्हणजे झालेच. पूर्वी लालासाहेबांनी स्वतः पाहिले असते. आता ते कुलूप लावून वळले.

घोंगडी लोकरीची. ती ओल धरून ठेवते. त्या ओलीत हळदकुंकू भिजले, आणि थोरल्या भावाच्या पातळ थरात जिथे जिथे बारीक फट होती तिथे धाकटा येऊन बसला. ती खाज कसली होती, ते आता तुम्हाला कळले असेल.

यंदा घटस्थापनेच्या आधी नेहमीप्रमाणे घर धुवायला काढले. आमच्याकडे नवरात्र बसण्यापूर्वी घरातली वाकळ न् वाकळ, भांडे न् भांडे धुऊन निघते. घोंगडी धुवायची म्हणून लालासाहेबांनी कपाट उघडले आणि मला अंगणात आणले. आधी त्यांनी मला मोडून दोन्ही नळ्यांत बोट घालून त्या रिकाम्या असल्याची खात्री केली. नजर होती तेव्हाही ते हेच करत, आणि रिकामी आहे हे पक्के ठाऊक असतानाही करत. मग नळ्या लाकडी दस्त्यापासून वेगळ्या केल्या. नळ्या वेगळ्या झाल्या की मी बंदूक राहत नाही, नुसत्या दोन पोलादी नळ्या उरतात. त्यांनी नळ्यांवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला भुकटी लागली. ती त्यांनी बोटांत चोळली, नाकाशी नेली, आणि तेलाची बाटली शोधायला ते आत गेले.

तेवढ्यात बनुबाईंचे माझ्याकडे लक्ष गेले. त्या चिंच आणि राख घेऊन देवाची पितळी भांडी घासत बसल्या होत्या.

"आगं शिवे, ही बग कशी तांबेरलीय. भांड्यांसंगं हिचं बी आंग निगू दे."

त्यांनी चिंचेचा गोळा उचलला आणि माझ्या नळ्यांच्या टोकाला वीतभर खसाखसा घासला. तांबडे पाणी वाहू लागले. मागोमाग काळपट पाणी आले. बनुबाई खूश झाल्या. "चांदीवानी झाली का न्हाई?"

लालासाहेब बाहेर आले. त्यांनी अंगठा टेकवला. "इथं गुळगुळीत कशानं झाली?"

"चिंचनं," शिवांजली म्हणाली.

लालासाहेब रागावले नाहीत. ते पायरीवर बसले. "आदी लय पाणी वत त्यावर. आंबटपना जाऊ दे. मग कोरडं कर, उनात धर." ते झाल्यावर म्हणाले, "पितळला चिंच चालती. पन चिंचला तांबडा गंज कळत न्हाई आन हिची निळाई कळत न्हाई. दोनी एकाच जातीचं. ती दोगांना बी घिऊन जाती. जितकं चांदीवानी झालं, तितकी हिची कातडी गेली."

बनुबाईंचा हात चिंचेतच राहिला. त्या हळूच म्हणाल्या, "इतकी वर्सं सवत म्हनलं, आन शेवटाला डाग बी म्याच दिला."

दुपारी उदयसिंह जेवायला आला. मोटारसायकल लावता लावता त्याने मला पाहिले.

"आबा, हिचं भंगार झालंय. परवाना बी औंदा संपतोय. उद्या पोलीस ठान्यात जमा करून टाकू."

"जमा केल्यावर न्यायला कोन गेलं न्हाई तर पुढं काय करत्यात, ठाव हाय?"

"काय करत्यात?"

"तोडत्यात."

मित्रांनो, हा शब्द ऐकून माझे काय झाले असेल, ते मी सांगत नाही.

लालासाहेबच पुढे म्हणाले, "ज्याला दिसत न्हाई त्यानं हत्यार बाळगू नये, हे मला बी पटतंय. तुझ्या नावावर घे म्हननार व्हतो. पन तूच भंगार म्हनतोस."

"तसं न्हवं, आबा," उदयसिंह खाली बसला. "डाळिंबात डुकरं शिरायला लागल्यात, मला बी ती लागंलच. पन गंज खोल गेला आसंल तर नळी फुटती. लेकरंबाळं हायती घरात."

"हे बराबर बोललास. खोल गेला आसंल तर म्या सोता नेऊन देतो. तुला यायचं बी काम न्हाई."

शिवांजली दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. तिने विचारले, "खोल गेलाय का वरवरच हाय, हे कसं कळतं?"

"वरचा काडल्याबिगर कळत न्हाई. आन काडनार कोन? माझं हात हालत्यात."

"मी काडते."

"काडशील गं, पन..."

"फुलं मीच घातली व्हती," ती खाली मान घालून म्हणाली. "वलीच घातली."

लालासाहेबांना हसू आले. "फुलं तू घातलीस, घोंगडीत तुझ्या आजीनं गुंडाळली, आन पुसायची पाळी माझी व्हती. तिगांत वाटून घिऊ. बस हितं."

मग पायरीवरच शाळा भरली. आधी बनुबाईंच्या शिलाई मशीनचे पातळ तेल आले. शिवांजलीने ते नळ्यांवरच्या तांबड्या डागांवर थेंब थेंब सोडले आणि लगेच फडके उचलले.

"ठेव ते," लालासाहेब म्हणाले. "तेलाला आत शिरू दे."

"किती येळ?"

"तुला कट्टाळा येईस्तवर. आन मग आजून थोडा."

तिला कंटाळा लवकर आला. ती स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांची तारेची घासणी घेऊन आली. लालासाहेबांनी ती नुसती हाताने चाचपली आणि बाजूला ठेवली. "ही लोखंडी. लोखंडानं लोखंड वरबडतं. गंज जाईल, पन निळाईवर वरखडं पडतील. गंजाला भारी पडंल आन पोलादाला ऐकंल, आसं कायतरी मऊ पायजे."

उदयसिंह भाकरी खाता खाता ऐकत होता. भंगार म्हणणारा माणूस, पण त्याचे कान इकडेच होते. "तांबं चालंल का?" त्याने विचारले.

"लय ब्येस."

तो उठला, मोटारसायकलच्या पिशवीतून जळालेल्या मोटारीची तांब्याची बारीक तार घेऊन आला. ती मऊ पडली होती. त्याने तिचा चुरगळून लिंबाएवढा गोळा केला.

"लोकांच्या मोटारी जळाल्या की तुझी चूल पेटती," बनुबाई म्हणाल्या. "आज त्या जळक्या तारंनं कुनाचं तरी भलं हू दे."

शिवांजलीने तांब्याचा गोळा तेलात बुडवला आणि नळ्यांच्या लांबीच्या दिशेने हलका हलका फिरवू लागली. तेल चहासारखे झाले. लालासाहेबांनी ते चिंदीने टिपून घ्यायला लावले, पुन्हा ताजे तेल सोडायला लावले, पुन्हा थांबायला लावले. तिने तोंड वाकडे केले, पण थांबली. उदयसिंहाने दुकानात फोन करून कामावरच्या पोराला सांगितले, की मी जरा उशिरा येतो.

एका जागी डाग सुटेना. तिने दातावर दात धरून जोर लावला. आवाज बदलला. लालासाहेबांना दिसत नव्हते, पण ऐकू येत होते.

"दाबू नगं. गंज जोरानं निगत न्हाई, येळानं निगतो. जोर लावला की गंज ऱ्हातो आन चांगलं तेवढं जातं."

तिने हात सैल सोडला. मित्रांनो, माझ्या अंगावरचा तो हात मी कधी विसरणार नाही. तेल खाली उतरत होते, तांबे माझी समजूत काढत होते, आणि वर्षभराची खाज कणाकणाने सुटत होती. पण मनात भीती होतीच. धाकटा भाऊ किती खोल गेला आहे, हे मलाही माहीत नव्हते. आपल्याच पाठीवरची जखम आपल्याला कुठे दिसते?

उन्हे कलली तेव्हा तिने शेवटची चिंदी फिरवली आणि ती नळ्यांवर वाकून पाहू लागली.

"काय झालं?" लालासाहेबांनी विचारले. "बोल की."

"निगाला, आबा."

"खाली काय हाय? पांडरं?"

"न्हाई." तिने नळ्या उन्हात तिरप्या धरल्या. "वांग्याची साल आस्ती का, कवळ्या वांग्याची? तशी हाय. काळी दिसती आन हालवली की निळी."

लालासाहेबांनी मोठा श्वास घेतला. पण ते फौजी माणूस, कच्च्या कामावर खूश होणारे नव्हेत. "आता डोळं मीट. नख फिरव मागपासनं पुढपातुर. आडतंय का कुठं?"

तिने डोळे मिटले. तिचे इवलेसे नख माझ्या पाठीवरून सावकाश गेले. "एका जागी आडलं. मुंगीच्या डोक्याएवढं. पार टोकाकडं."

"आन मागं? जिथं काडतूस बसतं तिथं? बाराचा समदा जोर तिथंच आस्तो."

"तिथं न्हाई. मी दोनदा बगितलं."

लालासाहेबांनी आतून काठीची चिंदी फिरवायला लावली. ती स्वच्छ आली. तेव्हा ते मुलाकडे वळले. "वरवरचा व्हता. तरीबी बार काडायच्या आदी साताऱ्याच्या बंदूक दुरुस्तीवाल्याला दावायची. आपल्या मनानं ठरवायचं न्हाई."

उदयसिंहाने नळ्या फडक्यात धरून उचलल्या, आभाळाकडे करून त्यांतून पाहिले, बराच वेळ पाहिले. आतून मी आरशासारखी होते, हे मला माहीत आहे. त्याने मला हलकेच खाली ठेवले आणि हात धुतले.

"आये, आबांचा परवाना कुठं ठेवलाय? उद्या ठान्यात जातोच हाय, तर माझ्या नावावर करायला काय काय लागतं ते इचारून येतो."

"आन जमा?" बनुबाईंनी विचारले.

"ती कशाला जमा करायची? डुकरास्नी तू हाकलनार हायस का चिंच घिऊन?"

बनुबाई तोंडाला पदर लावून हसल्या. लालासाहेब हसले नाहीत. ते फक्त पायरीवरून उठले आणि पुन्हा तिथेच बसले.

मित्रांनो, टोकाकडचा तो वीतभर पांढरा पट्टा माझ्या अंगावर कायमचा राहिला आहे. गेलेली निळाई घरी परत आणता येत नाही. तेवढ्या जागेला तेल जरा जास्त लागते, इतकेच. पण बाकीची मी तशीच आहे, जशी त्या टाकीतून निघाले होते. म्हणून तुम्हाला एक विनवणी करते. माझ्यासारख्या वस्तूला मोठ्या माणसाशिवाय कधी हात लावू नका, सापडली तर आधी मोठ्यांना सांगा. आणि घरातले जे काही लोखंडाचे असेल, आजोबांची कात्री, आईची विळी, शेतातले खुरपे, त्याची पूजा जरूर करा, पण पूजेनंतर ते कोरडे करायला विसरू नका. तांबडा डाग दिसला तर टाकून देऊ नका आणि घाईने खरवडूही नका. आधी थोडे तेल द्या आणि वाट पाहा. पुष्कळदा खालचे अजून चांगले असते.

आता शेवटचे राहिले. सगळे झाल्यावर लालासाहेबांनी तेलाचा पातळ हात द्यायला लावला आणि बजावले, "आता उगड्या हातानं कुनी शिवायचं न्हाई. बोटाच्या घामात मीठ आस्तं. जिथं बोट लागलं तिथं उद्या गंज."

हुकूम त्यांचाच होता. पण त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून उठला, माझ्या दिशेने आला, आणि हवेतच थांबला. इतका वेळ सगळ्यांनी मला पाहिले होते. ज्याने मला आणले, त्यालाच तेवढे पाहता आले नव्हते. मग त्यांनी हात मागे घेतला.

शिवांजलीने ते पाहिले. तिने आबांचा हात धरला, त्यांचा अंगठा माझ्या नळीवर टेकवला, आणि मागपासून टोकापर्यंत, सावकाश, पांढऱ्या पट्ट्यावरूनसुद्धा, पूर्ण फिरवू दिला. मग तिने चिंदीवर तेलाचा एक थेंब घेतला आणि आबांचा अंगठा जिथून जिथून गेला होता, तिथून तिथून पुसत गेली.